रानातलं पिल्लू एकटं सापडलं: दूध शोधण्याआधी काय तपासायचं

झाडाखाली खारीचं पिल्लू पडलेलं असतं, गवतात सशाचं पिल्लू अंग चोरून बसलेलं असतं, नाहीतर उडता न येणारा बुलबुल जमिनीवर टुणटुण उड्या मारत असतो. कुणीतरी ते उचलतं आणि पुढच्या दहा मिनिटांत एकच प्रश्न उरतो: याला काय पाजायचं? गडबड इथूनच सुरू होते. दुधाचा प्रश्न चौथा आहे. त्याआधी तीन बघायचे: पिल्लू खरंच अनाथ आहे का, त्याचं अंग गरम आहे का, आणि अंगात पाणी आहे का. हा क्रम चुकला की धडधाकट पिल्लूसुद्धा दोन दिवसांत जातं, आणि मागाहून सगळे म्हणतात, ते जगणारच नव्हतं.

एकटं आहे, पण अनाथ आहे का?

सशापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुकीची उचलाउचल त्याची होते. रानसशाची पिल्लं जन्मतःच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. आई त्यांच्याजवळ बसून राहत नाही. तिच्या वासाने आणि हालचालीने शिकारी प्राण्याला पत्ता लागेल, म्हणून ती दिवसभर लांबच राहते. सूर्य मावळल्यावर येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते, तेही दिवसातून साधारण एकदाच. म्हणजे दुपारी तीन वाजता कान पाठीला चिकटवून दगडासारखं स्तब्ध बसलेलं पिल्लू टाकून दिलेलं नाही, ते सांगितलेलं काम चोख करतंय. त्याला तिथेच राहू द्या. कुत्रं बांधा, माणसं हटवा.

हरणाच्या पाडसाचंही तसंच. पहिले काही दिवस ते झुडपात, उंच गवतात निपचित पडून राहतं, अगदी जवळ गेलं तरी उठत नाही. आई दिवसातून काही वेळा पाजायला येते. माणूस आसपास उभा असेल तर येत नाही. 'दोन तास बघतोय, आई फिरकलीच नाही' असं सांगणारा बहुधा वीस फुटांवर उभा राहून बघत असतो. किमान शंभर मीटर मागे सरका, आडोसा घ्या, आणि मग वेळ मोजायला लागा.

पक्ष्यांत फरक पिसांवरून कळतो. अंग उघडं आहे किंवा पिसांच्या जागी टोकदार नळ्या आहेत, तर ते घरट्यातलं पिल्लू. त्याला घरट्यात परत ठेवायचं. अंगभर पिसं आहेत, शेपूट मात्र आखूड आहे, पायावर नीट उभं राहतं, बोटाला पकड घेतं, तर ते उडायला शिकणारं पिल्लू. या वयात बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची पिल्लं काही दिवस जमिनीवर आणि झुडपातच काढतात आणि आईबाप तिथे येऊन भरवतात. त्याला फार तर उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा. घुबडाची पिल्लं तर उडता येण्याच्या बरीच आधी घरटं सोडून फांद्यांवर फिरतात. खाली पडलेलं पिल्लू धडधाकट असेल तर त्याच झाडाच्या फांदीवर चढवून ठेवलं की काम झालं.

पाकोळी या सगळ्याला अपवाद. तिचे आईबाप जमिनीवर उतरून पिल्लाला भरवू शकत नाहीत, त्यामुळे जमिनीवर दिसलेलं पाकोळीचं पिल्लू म्हणजे मदत हवीच. ते हवेत फेकून 'उडतंय का' बघायचं नाही. पंख पुरते वाढलेले नसतील तर ते सरळ खाली आपटतं आणि आतून फुटतं.

सापाच्या आणि घोरपडीच्या पिल्लांबद्दलही लोक विचारतात. त्यांना मुळात आईच्या देखभालीची गरज नसते, तेव्हा 'अनाथ' हा प्रश्नच येत नाही. सापाचं पिल्लू विषारी जातीचं असेल तर जन्मल्यापासून विषारी असतं, एवढं लक्षात ठेवून लांब राहायचं.

वाट किती वेळ बघायची?

सगळ्यांना एकच वेळ लावली की चुकतं. बुलबुल, साळुंकी यांसारखे छोटे पक्षी दिवसा फार तर अर्ध्या तासाने चारा घेऊन येतात, त्यामुळे लांबून दीड-दोन तास बघितलं तरी निकाल लागतो. पारवा आणि होला यांचं तसं नाही. ते पिल्लाला दिवसातून मोजक्याच वेळा भरवतात. तिथे पाच-सहा तास थांबावं लागतं. खार दिवसाची, त्यामुळे अंधार पडेपर्यंतच वाट बघायची. रात्री ती पिल्लू न्यायला येणार नाही. उदमांजर, रानमांजर यांसारखे प्राणी रात्रीचे, तेव्हा त्यांच्या आईला एक पूर्ण रात्र द्यायची.

'माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते' हे पक्ष्यांच्या बाबतीत खोटं आहे. बहुतेक छोटे पक्षी पिल्लाला वासावरून पारखतच नाहीत. त्यामुळे घरटं सापडत असेल तर निर्धास्तपणे पिल्लू परत ठेवा. उलट घरट्याशी वारंवार जाऊन डोकावणं हेच आईला पळवून लावतं.

वाट बघायची नाही, असं कधी?

जखम, रक्त, लोंबणारा पाय किंवा पंख. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू. शेजारी मेलेली आई. अंगाला मुंग्या. केसांत तांदळाच्या कण्यांसारखे पिवळट पांढरे पुंजके, म्हणजे माशांची अंडी. हाताला गार लागणारं, लुळं पडलेलं अंग. खारीचं किंवा माकडाचं पिल्लू स्वतःहून माणसाच्या मागे येत असेल, पायावर चढत असेल, तर तेही लक्षणच आहे. पोटात भूक भडकल्याशिवाय ते असं करत नाही.

यातलं मांजराचं प्रकरण वेगळं सांगावं लागतं, कारण तिथे फसगत होते. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. भोक इतकं बारीक पडतं की पिसांत, केसांत दिसतच नाही. पण मांजराच्या लाळेतले जंतू, विशेषतः पाश्चुरेला, रक्तात उतरले की छोटा पक्षी एक ते तीन दिवसांत मरतो. संध्याकाळी चिवचिवणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी अचानक गेलं, याचं कारण पुष्कळदा हेच. मांजराने तोंडात धरलं होतं एवढं कळलं तरी पुरे. जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. घरातली माणसांची गोळी कुटून द्यायची नाही. तीस ग्रॅमच्या जिवाला मात्रा अंदाजाने काढता येत नाही.

माशांची अंडी कोरड्या मऊ टूथब्रशने किंवा चिमट्याने काढा. कान, डोळ्यांचे कोपरे, शेपटीखाली नीट बघा. अळ्या मारायला टर्पेंटाइन, फिनेल, रॉकेल लावतात तसं अजिबात करू नका. ते पातळ कातडीतून आत जातं आणि अळ्यांआधी पिल्लूच संपवतं.

आईकडे परत पोचवायचे उपाय

खारीसाठी: उघडं खोकं किंवा उथळ टोपली, आत मऊ कापड, कापडाखाली गरम पाण्याची गुंडाळलेली बाटली. हे सगळं ज्या झाडाखाली पिल्लू सापडलं त्याच्याच बुंध्याशी, सावलीत, मुंग्यांपासून उचलून ठेवायचं. खारीची बहुधा एकापेक्षा जास्त घरटी असतात. एक मोडलं तर ती पिल्लाला तोंडात धरून दुसरीकडे नेते. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पिल्लू कापडाने पूर्ण झाकलं तर ते दिसत नाही आणि त्याची किंकाळीही ऐकू जात नाही. आणि पिल्लू गार असेल तर ते ओरडतच नाही, म्हणून आईलाही कळत नाही. आधी ऊब द्या, मग बाहेर ठेवा.

पक्ष्याचं घरटं मोडलं असेल तर साधारण त्याच आकाराची परडी किंवा तळाला पाच-सहा भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या. खोली आठ-दहा सेंटिमीटर. त्याहून खोल डब्याच्या तळाशी बसलेलं पिल्लू आईला वरून दिसत नाही, आणि त्याहून उथळ असेल तर ते पुन्हा खाली पडतं. आत कोरडं गवत घाला. हिरवं गवत ओलं असतं, ते पिल्लाचं अंग गार करतं. डबा जुन्या जागेपासून एक-दोन मीटरच्या आत, दुपारच्या उन्हापासून आडोशाला, तारेने घट्ट बांधा. वाऱ्याने हलणाऱ्या डब्यात आईबाप उतरत नाहीत.

वटवाघळाच्या पिल्लाला जमिनीवर ठेवून उपयोग नाही. बऱ्याच जातींना जमिनीवरून सहज उड्डाण घेता येत नाही, आणि आई उतरते ती उंच जागी. जाड हातमोजे घालून त्याला खडबडीत कापडावर लटकू द्या आणि संध्याकाळी ते कापड ज्या जागेखाली पिल्लू सापडलं तिथेच, डोक्याच्या वर पोचेल इतक्या उंचीवर अडकवा. उघड्या हाताने वटवाघूळ धरायचं नाही, पिल्लू असलं तरी.

बिबट्याची बछडी शेतात सापडली तर तिथे काही 'करायचं' नसतं, मागे सरकायचं असतं. आई जवळच असण्याची शक्यता मोठी. वनविभागाला कळवा, बछड्यांना हात लावू नका, फोटोसाठी गर्दी होऊ देऊ नका. त्याच जागी रात्री उघड्या खोक्यात ठेवलेली बछडी आई उचलून नेते, हे पुष्कळदा दिसलं आहे. जागा बदलली की हीच वाट बंद होते. रानमांजराची पिल्लं बिबट्याची समजून उचलली जातात, तेही नेहमीचंच. बछड्याचे पंजे अंगाच्या मानाने जाडजूड असतात आणि अंगावर ठिपक्यांची दाटी असते. पण हे ओळखायला पिल्लू हातात घ्यायची गरज नाही, लांबून काढलेला एक फोटो वनविभागाला पुरतो.

ऊब: इथे बहुतेक पिल्लं वाचतात किंवा जातात

आई येणार नाही हे नक्की झालं आणि तज्ज्ञांपर्यंत पोचायला वेळ लागणार असेल, तर पहिलं काम अंग गरम करणं. नवजात पिल्लाला स्वतःचं तापमान धरून ठेवता येत नाही. अंग गार पडलं की आतडी थांबतात. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, पोटात आंबतं, पोट फुगतं, आणि गिळण्याची ताकद नसल्याने थोडं फुप्फुसातही जातं.

झाकणाला बारीक भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. आत जुन्या टीशर्टचं कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांच्या फासात नखं आणि बोटं अडकून मुरगळतात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरा, कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. बिनकेसाच्या पिल्लाभोवतीची हवा ३२ अंश सेल्सियसच्या आसपास हवी, केस आलेल्याला २६ ते २८ पुरतात. बाटली दर तासाला बदला. विसरलेली बाटली गार पडली की ती उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते; रात्री तीन वाजता हेच होतं. हेअर ड्रायर, डोक्यावर टांगलेला दिवा, थेट ऊन नको. पिल्लू हातपाय पसरून सपाट पडलं, धापा टाकायला लागलं, कातडी लालसर झाली, किंवा पक्षी चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरायला लागला, तर ऊब जास्त झाली आहे.

गार पिल्लाला सावकाश गरम करा, अर्धा ते एक तास घ्या. भावंडं असतील तर एकत्रच ठेवा.

पाणी

सस्तन पिल्लाची खांद्यामधली कातडी चिमटीत हलकेच उचला आणि सोडा. लगेच बसली तर ठीक. दोन सेकंद तंबूसारखी उभी राहिली तर अंगात पाणी कमी आहे. लघवी गडद पिवळी, तोंड आतून चिकट, हीसुद्धा तीच खूण.

एक लिटर पाण्याचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मिसळा. अर्ध्या पाकिटाचा अंदाज करू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. एका वेळी किती, ते वजनावरून ठरतं: वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही. २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिली, ४० ग्रॅमला २ मिली. म्हणून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि सुई काढलेली १ मिलीची सिरिंज, ही दोन खरी हत्यारं. ड्रॉपरने थेंब मोजता येत नाहीत आणि एकदम धार सुटते.

धरायचं कसं, ते नीट बघा. पिल्लू कापडात गुंडाळून डाव्या मुठीत घ्या, डोकं बाहेर, पोट खाली, मान किंचित पुढे. चार पायांवर उभं राहून ते जसं पीत असतं तसं. माणसाच्या बाळासारखं पाठीवर आडवं करायचं नाही. सिरिंज ओठाच्या कडेला लावा, एक थेंब बाहेर आणा, थांबा. ते चाटेल, गळ्याची हालचाल होईल, मग दुसरा थेंब. घाई केली की द्रव श्वासनलिकेत जातो.

हे फक्त सस्तन पिल्लांसाठी. पक्ष्याच्या चोचीत पाणी सोडू नका. त्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. वरून टाकलेला थेंब थेट तिथे उतरतो आणि पिल्लू हातातल्या हातात जातं. त्याला लागणारं पाणी खाण्यातून मिळतं.

दूध दिलं आणि मग बिघडलं

*जुलाब सुरू झाले.* गाईम्हशीच्या दुधाने होतात. गाईच्या दुधात जवळपास पाच टक्के लॅक्टोज असतं आणि स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास. सशाच्या दुधात लॅक्टोज अगदी थोडं आणि स्निग्धांश दहा टक्क्यांच्या वर. पिल्लाला साखर झेपत नाही आणि भूकही भागत नाही. दूध थांबवा, पुढच्या दोन-तीन वेळा नुसतं ओआरएस. त्यानंतर कुत्र्याच्या पिल्लांची दूध पावडर पातळ करून सुरू करता येते: आधी एक भाग तयार दूध आणि तीन भाग ओआरएस, मग निम्मं-निम्मं, एका दिवसात हळूहळू पूर्ण. बिनकेसाच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, डोळे उघडलेल्याला चार-पाच तासांनी. पक्ष्यांना दूध, दूध-पाव यातलं काहीच नाही; त्यांना लॅक्टोज पचत नाही.

*पोट फुगून टणक झालं.* एक तर अंग गार असताना पाजलं, नाहीतर जास्त पाजलं, नाहीतर शी-शू होत नाही. शेवटचं कारण लोकांना सुचतच नाही. बऱ्याच सस्तन पिल्लांना डोळे उघडेपर्यंत स्वतःहून शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलकेच, छोट्या फटकाऱ्यांनी फिरवा, प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि नंतर, साधारण एक मिनिट. घासायचं नाही, कातडी सोलते.

*नाकातून दूध आलं.* लगेच थांबा, डोकं खाली झुकवा, नाक पुसा. पुढचं पाजणं टाळून बघा. श्वास घेताना बारीक टिकटिक येऊ लागली किंवा तोंडाने श्वास घ्यायला लागलं, तर फुप्फुसात गेलं आहे. एक-दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. हे घरी बरं होत नाही.

*पीतच नाही.* बहुतेक वेळा अंग अजून गार असतं. तोंडात बोट घालून बघा. आतून गार लागलं तर पुन्हा बाटलीकडे.

*आठवड्याभराने मागचे पाय ओढायला लागलं.* हाडं मऊ पडली आहेत. नुसती फळं, नुसता खिमा किंवा नुसते दाणे खाऊन कॅल्शियम मिळत नाही. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. घुबडाच्या, घारीच्या पिल्लाला बिनहाडाचं मटण खाऊ घालणाऱ्यांकडे हे हटकून दिसतं.

सशाला आणि पाडसाला हाताळणं शक्य तितकं टाळा. धरपकड, आवाज, कुरवाळणं याने त्यांचे स्नायू आतून तुटायला लागतात. लघवी तपकिरी होते, अंग ताठतं, आणि पिल्लू पकडल्यानंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. 'शांत बसलंय, घाबरलं नाही' असं वाटतं तेव्हा ते भीतीने गोठलेलं असतं.

चावलं किंवा ओरखडलं तर

सस्तन पिल्लाच्या चाव्याला रेबीजचा धोका धरूनच चालायचं. मुंगूस, कोल्हा, माकड, वटवाघूळ, कुणीही असो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी डॉक्टर आणि लस. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर जवळपास इलाज नाही. पिल्लू लहान आहे म्हणून लस पुढे ढकलायची नाही.

सोपवताना

पिल्लू वनविभाग किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राकडे जितक्या लवकर जाईल तितकं बरं. वन्यप्राणी घरी ठेवणं बहुतेक ठिकाणी गुन्हाही आहे. नेताना खोकं बंद, गाडीत गाणी बंद, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं बंद. पक्षी तारेच्या पिंजऱ्यात नेऊ नका, पिसं मोडतात. मोडलेलं पीस पुढच्या पिसगळतीपर्यंत बदलत नाही आणि तोवर सुटका लांबते.

खोक्यावर कागद चिकटवा. सापडल्याची वेळ, वजन, काय पाजलं, किती मिली आणि केव्हा, मांजराने धरलं होतं का, हे लिहा. चुकीचं काही पाजलं असेल तर तेही लिहा, लपवू नका. त्यावर उपचार ठरतात. आणि जागा अचूक: 'तलावाजवळ' असं नको, फोनच्या नकाशावरची खूण आणि कुठल्या झाडाखाली ते. आई अजून त्या झाडापाशी घुटमळत असेल, तर केंद्रातली माणसं दुसऱ्या दिवशी पिल्लू घेऊन तिथेच येतील.